चाखल्याशिवाय विक्री नाही

"आज राहू द्या ना, मावशी. खरंच घाई आहे."

दुकानवाल्या मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिच्यासमोर भरलेली ताटली ठेवली. मागच्या भिंतीवर खडूने ठसठशीत लिहिलं होतं : चाखल्याशिवाय विक्री नाही. त्याखाली, बारीक अक्षरात : गाजरं दिसायला वाकडी, मनाने सरळ.

"नियम म्हणजे नियम. बस."

ती स्टुलावर बसली. शेताच्या कडेची ट्रॅक्टरची जुनी शेड, तेच दुकान. दाराशी एक बदक पहारा देई. तराजूच्या पारड्यात मांजर झोपलेलं असे आणि ते आपणहून उठेपर्यंत कशाचंच वजन होत नसे. प्रत्येक अंड्यावर ते घालणाऱ्या कोंबडीचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं. एरवी तिला या सगळ्याची मोठी गंमत वाटली असती.

घरी आई होती. सहा आठवडे अंथरुणावर. मागच्या आठवड्यात डॉक्टर दारात बूट चढवता चढवता म्हणाले होते, "आता पथ्यपाणी राहू दे. मागतील ते द्या." आणि आई मागायची ते एकच. या दुकानातलं लोणी, या दुकानातले टोमॅटो, या दुकानातली अंडी. दर दोन दिवसांनी. स्कूटरवर जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस.

"अगं, कोपऱ्यावर मिळतात टोमॅटो," तिने एकदा सांगून पाहिलं होतं.

"तिथलेच आण."

आणून दिलं की आई बोटाच्या टोकावर लोणी घ्यायची, जिभेला लावायची, "छान आहे" म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. बाकीचं शेजारच्या काकूंकडे जायचं, नाहीतर फ्रिजमध्ये वाळून जायचं. तिला एकाच गोष्टीची भीती होती. आपण त्या रस्त्यावर असतानाच आई जाईल.

म्हणून आज सकाळी तिने नाहीच म्हटलं होतं. आईची नजर तिच्या हडकलेल्या मनगटावर गेली. मग म्हणाली, "जा गं. भूक लागलीय मला."

भूक. हा शब्द आईच्या तोंडून कितीतरी दिवसांत आला नव्हता. काकूंना उशाशी बसवून ती धावत सुटली होती.

ताटलीत पावाचा जाड तुकडा होता, त्यावर बोटभर लोणी. मीठ लावलेल्या टोमॅटोच्या फोडी. दोन उकडलेली अंडी.

"एक घास चाखते आणि निघते."

"घासाने चव कळत नाही. अंडं म्हणजे अख्खं अंडं."

"मग दोन कशाला?"

"दोन कोंबड्यांची आहेत. एकीचं खाल्लंस आणि दुसरीचं टाकलंस तर उद्यापासून ती घालायची बंद होईल. तू येशील तिची समजूत काढायला?"

वाद घालण्यात वेळ जाणार होता. तिने पाव उचलला आणि रागारागाने खायला लागली. एवढ्यात एक म्हातारा आत आला, फळीवरची दुधाची बाटली घेतली, मावशींना मान हलवली आणि गेला.

"त्यांनी नाही चाखलं?"

"त्यांना दात नाहीत."

दूध प्यायला दात कशाला लागतात, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तोंडात घास होता. दुसरं अंडं संपेपर्यंत मावशी समोरून हलल्या नाहीत. ते संपल्यावर मात्र त्यांनी मांजराला खुशाल उचलून खाली ठेवलं, टोमॅटो तोलले, लोणी कागदात गुंडाळलं आणि सामान पिशवीत भरून दिलं.

"आई खाईल ना हो आज?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

मावशींनी पिशवीचे बंद उगाच सारखे केले. "सावकाश चालव गाडी," त्या म्हणाल्या.

स्कूटरपाशी गेल्यावर लक्षात आलं, हेल्मेट आतच राहिलं. ती परत आली तेव्हा मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर बोलत होत्या.

"हो, सगळं. काही ठेवलं नाही. कुरकुर केली, पण खाल्लं." मग वळल्या, तिला पाहिलं आणि फोनवर हात ठेवला. "वासरू आहे एक. आईपासून तोडायचंय, तर खायलाच तयार नव्हतं. मालकीणबाईंच्या जिवाला घोर लागलाय."

"बरं झालं," ती हेल्मेट उचलत म्हणाली. "कुणीतरी खातंय."

परतीच्या रस्त्यावर तिने कुठेच वेग कमी केला नाही. अंडी फुटू नयेत म्हणून पिशवी दोन पायांच्या मध्ये धरली होती. आधी लोणी द्यायचं, मग अंड्याचा बलक दुधात कालवून, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

घराचं दार उघडं होतं. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. आईचा हात त्यांच्या हातात होता आणि खिडकीचा पडदा कुणीतरी नीट सरकवून ठेवला होता.

"बाळा," काकू म्हणाल्या.

तिने पिशवी जमिनीवर ठेवली. "केव्हा?"

"अर्धा तास होत आला. तुला किती फोन लावले गं. तू गाडीवर."

"मी तिथे खात बसले होते," ती म्हणाली. "ती इथे उपाशी, आणि मी..."

"त्रास नाही झाला त्यांना. खरंच सांगते. शांत होत्या अगदी."

"काही बोलली?"

काकूंनी डोळे पुसले. "एक फोन आला होता. हात उचलवत नव्हता, मीच कानाशी धरला. काय ऐकलं कोण जाणे, हसल्या. इतक्या दिवसांनी हसल्या. मग माझ्याकडे बघून एवढंच बोलल्या आणि डोळे मिटले. मला तर काही अर्थ लागला नाही."

"काय बोलली?"

"म्हणाल्या, 'दोन्ही अंडी खाल्ली तिने.'"