हरवल्यास तार

द्वारकेजवळ आगबोट थांबली. किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूनं ओळखीची चिठ्ठी जवळ ठेवायची असा बोटीवरचा नियम होता, म्हणून कारकून एकेकाला विचारून वहीत नोंद करत होता आणि चिठ्ठ्या लिहून देत होता.

"बाई, भोंगा झाल्यावरही परतला नाहीत, तर तार कुणाला करायची?"

रनाळ्याला भावाच्या घरी राहणाऱ्या कमलबाईनं पदर तोंडावर ओढला आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं. "नवल पितांबर. म्हसावद."

मागं उभी असलेली, तिच्याच गावची धनुबाई उखडली. "ओ माय! ज्यानी दुसरी बायको करी, तू जित्ती शे का मरी गई हाई बी कधी इचारं नही, त्यानं नाव? भाऊनं नाव सांग ना!"

"भाऊ तं रोजच देखस मले," कमलबाई म्हणाली आणि चिठ्ठी घेऊन उतरली.



संध्याकाळी बोटीचा भोंगा देवळामागच्या पायरीवर अगदी स्पष्ट ऐकू आला. कमलबाईनं चिठ्ठी मुठीत घट्ट धरली, पदर सारखा केला आणि हरवण्यासाठी नीट मांडी घालून बसली.