दहातले तीन

मिस्नाती उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळीवर जाऊन बसली ती बसलीच. फळी उपसल्याशिवाय तळ्याचं पाणी खाडीत जायचं नाही, आणि ती उठल्याशिवाय फळी उपसायची नाही.

"ऊठ," हाजी मुकर्रम बांधावरून ओरडले. मागे त्यांचे दोन गडी पहारी घेऊन उभे. "ओहोटी संपत आली. आत्ता पाणी सोडलं नाही तर पुढचं उधाण येईपर्यंत खोळंबा. मग मीठ कधी पिकवायचं?"

"यंदा मीठ नाही. यंदा मासेच."

तळं हाजींचं, राबणं मिस्नातीचं. पावसाळ्यात बांदेंग मासे आणि उन्हाळा लागला की त्याच तळ्यात मीठ, ही सगळ्या मादुरा बेटाची रीत. आणि या बाईने ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर माशांची नवी पिल्लं सोडलेली!

"कुणाला विचारून सोडलीस?"

"हिला." मिस्नातीने बांधावर उभ्या असलेल्या निंग्रुमकडे बोट दाखवलं.

निंग्रुम हवामान कार्यालयातली. यंदाचा उन्हाळा पावसाचा जाणार, असं मागे मशिदीच्या ओट्यावर सगळ्यांना समजावून गेली होती. आज ती, तो अंदाज कुणाच्या किती कामी आला, हे विचारत फिरत होती. बिचारीचा चेहराच उतरला.

"इबू, मी दहात सात म्हटलं होतं," ती मिस्नातीला घाईघाईने म्हणाली. "तीन वेळा कोरडाही जाऊ शकतो. माझ्या शब्दावर एवढं नका हो..."

"घ्या! सांगणारीच मागे सरतेय." हाजींना हसू आवरेना. "वर बघ, बाई. ढगाचा मागमूस तरी आहे का?"

नव्हताच. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं.

"मागच्या खेपेलाही असंच होतं," मिस्नाती म्हणाली. "मग पाऊस आला, पिकलेलं मीठ डोळ्यांदेखत विरघळलं. तुम्ही म्हणालात, अल्लाची मर्जी. आणि जमीन पुन्हा चोपली कुणी? मी आणि माझ्या नवऱ्याने. पुन्हा पाऊस, पुन्हा चोपा. तळपायाची सालं निघाली आमच्या!"

"म्हणून माझ्या तळ्यावर तू हुकूम चालवणार?"

"चालवणार! हिला ओट्यावर बोलावलंत, चहा पाजलात, फोटो काढून घेतलेत, माना डोलावल्यात. ऐकायचंच नव्हतं तर बोलावलंत कशाला?"

एक गडी खुदकन हसला. हाजींचा पारा चढला.

"उचला हिला!"

गडी जागचे हलले नाहीत. "हाजी, परक्याच्या बायकोला हात लावायचा?" एकजण हळूच म्हणाला. "तिचा नवरा कोयता घेऊन दारात येईल. तुम्हीच उचला की."

हाजी नुसते खाकरले. कुणी पुरुष आपल्याला हात लावणार नाही, हे मिस्नातीला ठाऊक होतं. उगाच नव्हती ती तिथे बसली.

"ठीक आहे. पण उन्हाळा कोरडा गेला तर तळं सोडायचं. नवरा, पोरं, सगळं बिऱ्हाड घेऊन निघायचं."

"निघेन. ते तीन माझ्या माथी. पण मीठ पिकवलं आणि पाऊस आला, तर ते सातही माझ्याच माथी येतात, हाजी."

हाजींनी गड्यांकडे पाहिलं. मग त्यांची नजर निंग्रुमवर गेली.

"तू बाई आहेस ना? मग जा, तूच उठव तिला. तूच हिच्या डोक्यात भरवलंयस, आता तूच निस्तर."

निंग्रुमने बूट काढले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ती चिखल तुडवत उघाडीपाशी आली. मिस्नातीने दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. तिची नजर हलली नाही.

निंग्रुमने एकदा त्या लख्ख आभाळाकडे पाहिलं.

"थोडं सरका, इबू," ती म्हणाली. "मलाही बसू द्या."