तव्यावरची पोळी

पेसमेकर बसवून दोन महिने झाले होते. तपासणीला नीरजाताईंबरोबर त्यांचे यजमान श्यामरावही आत आले.

"अहो डॉक्टर, हिला पोळ्या लाटायची परवानगी कधी देणार? बेचाळीस वर्षं तव्यावरची गरम पोळी खात आलो. आता बाई सकाळीच लाटून जातात, त्या गार गिळतोय."

डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली. 'महिन्यानंतर घरची सगळी कामं चालतील,' असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी नीरजाताईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून, चटक्यांनी काळवंडलेल्या आपल्या बोटांकडे बघत बसल्या होत्या.

फाइल मिटत डॉक्टर म्हणाल्या, "यंत्राची बॅटरी बारा वर्षांची आहे. ती संपली की बघू."