उरलेले तीन किलोमीटर

दिव्यानी आणि धाकटी बहीण चंचल पोलीस भरतीसाठी मूल गावाच्या रस्त्यावर पहाटे धावायच्या. एकदा दिव्यानी झोपून राहिली. चंचल एकटीच गेली आणि धानाच्या ट्रकखाली सापडून मेली. दिव्यानी धावणं सोडून नर्स झाली, आयर्लंडला गेली. सहा वर्षांनी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला तेव्हा आईपासून लपवून पुन्हा धावू लागली. आज धावतानाच आईचा फोन आला. "तुले धाप काऊन लागून राह्यली?" दिव्यानीला खोटं बोलवेना. "धावून राह्यली, माय." आईने विचारलं, "किती धावली?" "दोन किलोमीटर." "चंचल पाच धावे." "माय, त्या दिवशी मी उठली असती तर..." "फोन ठेवू नोको. मले तुह्या पायाचा आवाज आयकू दे." उरलेले तीन किलोमीटर दिव्यानी रडत धावली. ती थांबली की आई हुंदके देत म्हणायची, "धाव, पोरी."