ह्यात भाकरी होत्ये का?

“ह्यात भाकरी होत्ये का?”

बजाबाईनं कुकरच्या झाकणावर टिचकी मारली. मागच्या बाया फिदीफिदी हसल्या.

“भाकरी न्हाय होत, मावशी. भात होतो, डाळ होत्ये. धा मिंटात,” रुद्रप्पा म्हणाला. तीन दिवस हेच सांगून त्याचा घसा बसला होता.

“मग पुन्याला न्हेऊन इक की. हितं भात कोन खातंय? तापकरी मानूस.”

बाया पुढच्या स्टॉलला चिकटल्या. तिथं साबणाची वडी फुकट मिळत होती. दिवाळीच्या तोंडावरचं गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन, त्यामुळं गर्दी तोबा. पण सगळी फुकट्यांची. त्यात संयोजकानं रुद्रप्पाला जागा दिली ती मुतारीच्या भिंतीला लागून. तक्रार केली तर म्हणाला, “अहो, तिकडंच तर सगळे येतात!”

येत होते की. नाकाला रुमाल लावून.

आज शेवटचा दिवस. संध्याकाळी कंपनीचा साहेब येणार होता. एकही कुकर खपलेला नसला तर एजन्सी रद्द. मग परत सासऱ्याच्या भुसार दुकानात पोती उचलायची. सासरा निघतानाच म्हणाला होता, “जाऊन या, जावईबापू. तुमचं पोतं बाजूला ठिवतो.”

दुपारी रुद्रप्पाचं डोकं सणकलं. सावित्रम्मानं, म्हणजे बायकोनं, डब्याबरोबर माहेरच्या ओल्या शेंगा बांधून दिल्या होत्या. त्यानं त्या धुतल्या, मीठ टाकलं आणि सरळ कुकरात ओतल्या. गेलं गिऱ्हाईक खड्ड्यात. निदान आपण तरी खाऊ.

शिट्टी झाली. “फुटलं गं बया!” करून बाया पांगल्या. पण झाकण निघालं, वाफ सुटली, तशा एकेक परत आल्या. सगळ्यांत पुढं बजाबाई. तिनं न विचारता शेंग उचलली, सोलली, तोंडात टाकली.

“मीठ कमी हाय,” म्हणाली, आणि पदराची वटी पुढं केली. “घाल.”

“फुकट न्हाय, मावशी.”

“मेल्या, फुकट कोन मागतंय?”

रुद्रप्पानं पैसे घेतले, तिच्या वटीत शेंगा ओतल्या. तीन दिवसांत ह्या बाईनं पहिल्यांदा कनवटीला हात घातला होता.

मग त्यानं गेटाबाहेरच्या गाडीवाल्याची सगळी शेंग उचलली. शेजारच्या स्टोव्हवाल्याचंही काही खपत नव्हतं, तो आपले स्टोव्ह घेऊन आला. रुद्रप्पाच्या स्टॉलवरचे चारही कुकर एकदम शिट्ट्या मारायला लागले. साबणवाला फुकट वडी घ्या म्हणून बोंबलत होता, पण त्याच्याकडं कुत्रं फिरकेना.

संयोजक धावत आला. “खायचे पदार्थ विकायला बंदी आहे! उचल हे भंगार! चल, बाहेर हो!”

त्यानं चार माणसं लावून कुकर गेटाबाहेर फेकले. रुद्रप्पानं ते पुसले आणि तिकीट-खिडकीशेजारीच स्टोव्हवाल्याच्या स्टोव्हांवर परत मांडले. लोक तिकीट काढायला यायचे, शेंगा खायचे आणि घरी जायचे.

दिवेलागणीला साहेब पोचला. रुद्रप्पाला रस्त्यावर बसलेला बघून त्याचं टाळकं फिरलं.

“किती कुकर खपले?”

“एकबी न्हाई, सायेब.”

“लाज नाही वाटत? कंपनीच्या मालात शेंगा शिजवता? एजन्सी रद्द! आत्ताच्या आत्ता कुकर माझ्या गाडीत टाका!”

साहेबानं तावातावानं कुकरला हात घातला आणि चटका बसून मागं घेतला.

“थांबा की. शिट्टी व्हायची हाय अजून,” रुद्रप्पा म्हणाला. “एजन्सी खुशाल न्हेवा. हे चार ऱ्हाऊ द्या, आन् मंद्रूपच्या आठवडी बाजाराआधी आनखी सा धाडा. गिऱ्हाईक गावलंय.”

“गिऱ्हाईक? कोण गिऱ्हाईक?”

“मीच की.”