खणाची कुंची

पहिलं बाळंतपण माहेरचं आणि बाळाच्या पहिल्या वर्षाचा खर्चही माहेरचाच, असं गंगम्मानं सुनेला सातव्या महिन्यात माढ्याला धाडतानाच बजावलं. यादी तिच्या मुलानं लिहून दिली: गोधडी, दुपटी, खणाची कुंची, चांदीचे वाळे, उष्टावणाची वाटी. साल दुष्काळाचं. सुनेच्या आईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडून एकेक वस्तू जमवली. बाळ विसाव्या दिवशी गेलं. तरी लेकीला सोलापुरात सासरी सोडायला येताना तिनं सगळं बोचक्यात बांधून आणलं. रिकाम्या हातानं आलेल्या सुनेला हे लोक उंबरा ओलांडू देणार नव्हते. गंगम्मानं दारातच बोचकं सोडलं, वाळे तळहातावर तोलले. "ऱ्हाऊ दे, पुढच्याला व्हतील की. विहीणबाई, कुंची कुटं हाय?" "पुरताना त्याच्या अंगावरच ऱ्हायली," सुनेची आई म्हणाली. बाळाच्या बापानं शिसपेन्सिल जिभेला लावली आणि यादीत कुंचीपुढं लिहिलं: 'येणे बाकी.'