जंतूची कुंडली

ईराची लघवी तिसऱ्यांदा तपासूनही यंत्राच्या पडद्यावर तेच आलं: "या जंतूवर पाच औषधं निकामी. सहावं चालेल. इंजेक्शन, दहा दिवस, दवाखान्यात."

"अहो सिस्टर, तीन वर्षांची आहे ती! शू करताना जळजळतंय म्हणून रडतेय. साधी गोळी द्या ना," मृण्मयी वैतागून म्हणाली. मग सासूबाईंकडे वळली. "आई, खरं सांगा. उरलेल्या गोळीचा तुकडा मधात उगाळून दिलात ना हिला?"

"नाही गं बाई! किती वेळा सांगू?" तापलेल्या ईराला थोपटत सासूबाई करवादल्या.

"भांडू नका," सिस्टर म्हणाल्या. "लघवीच्या थेंबातून जंतूची सगळी कुंडली निघते. कुणाच्या अंगात राहून औषध पचवायला शिकला, तेही. काढू?"

"काढाच!"

पडद्यावर अक्षरं उमटली: "जंतू आईकडून आलेला. आईच्या गरोदरपणी सात दिवसांच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद."

मृण्मयीला लख्ख आठवलं. जळजळ थांबली होती. बाळाला उगाच जास्त औषध नको, म्हणून तिनेच पाकीट फ्रिजच्या दारात ठेवून दिलं होतं. "डॉक्टरांनी सात दिवस सांगितलंय ना?" असं विचारणाऱ्या सासूबाईंवर ती खेकसलीही होती.

सासूबाईंनी ईराची बाही वर सारली.

"चौथ्या दिवशी ही बागडायला लागेल," इंजेक्शन भरता भरता सिस्टर म्हणाल्या. "तेव्हा घरी न्यायचा हट्ट धरू नका."

मृण्मयीने ईराला मांडीवर घेतलं. "आई," ती हळूच म्हणाली, "मी हट्ट धरला, तर माझं ऐकू नका."